हप्ता आणि किलोमीटर

मागच्या वर्षीची भाऊबीज. नामपूरच्या घराच्या ओट्यावर आम्ही दोघं रात्री उशिरापर्यंत बसलो होतो. बाजार समिती दिवाळीसाठी बंद होती, त्यामुळे कांद्याच्या ट्रॅक्टरांची घरघर नव्हती. माझ्या मांडीवर वही होती. पुण्यातली नोकरी ५२ व्या वर्षी सोडायची, तिथला फ्लॅट भाड्यानं द्यायचा आणि वडिलांनी बांधलेल्या या घरात आईजवळ येऊन राहायचं, असा बेत त्या वहीत मांडला होता. दूध, किराणा, वीज, घरपट्टी, आयकर, सणवार, सगळं लिहून झालं होतं. पुण्याच्या निम्म्या खर्चात भागत होतं. मी वही हिच्यापुढे सरकवली. हिनं चष्मा लावून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं,

"अहो, यात दवाखाना कुठं आहे?"

"औषधांचे धरलेत की महिन्याचे."

"औषधांचं नाही विचारत मी. रात्री दोन वाजता तुमच्या छातीत दुखायला लागलं, तर कुठं न्यायचं? आणि मी एकटी कशी नेणार?"

दुसऱ्या दिवशी रात्री चुलतभावाला शेजारी बसवून मी गाडी काढली. नामपूरला ग्रामीण रुग्णालय आहे, खाजगी डॉक्टर आहेत, ताप-थंडी, विंचू-साप, बाळंतपण यांसाठी गाव कुणाच्या तोंडाकडे पाहत नाही. पण हृदय, मेंदू, मूत्रपिंड म्हटलं की मालेगाव, आणि तिथून पुढे नाशिक. मोसम नदी हरणबारीकडून येते, नामपूरवरून मालेगावकडे जाते आणि गिरणेला मिळते. आमच्याकडचे पेशंटही तीच वाट धरतात. त्या रात्री मालेगावातल्या पहिल्या मोठ्या दवाखान्याच्या दारात पोचायला आम्हाला पाऊण तासाहून अधिक लागला. रस्ता मोकळा होता, पाऊस नव्हता आणि मागच्या सीटवर कुणी कण्हत नव्हतं. नाशिक तर आमच्यापासून शंभर किलोमीटरच्या पुढे.

परतताना चुलतभाऊ म्हणाला, "दादा, तू कराचा हिशेब केलास, पण अंतराचा केलाच नाहीस." त्याचं बोलणं लागलं. त्यानंतरचं वर्षभर मी तोच हिशेब करत होतो. नोकरी लवकर सोडून गावी परतलेल्या, परतू पाहणाऱ्या माणसांना भेटलो, पॉलिसीची बारीक अक्षरं वाचली, शासन निर्णय वाचले. सटाणा, मालेगाव, कळवण, देवळा या आमच्या कसमादे पट्ट्यातून दोन-तीन पिढ्या नाशिक, पुणे, मुंबई, सुरतेकडे नोकरीला गेल्या. त्यातली माझ्या वयाची मंडळी आता परतीचा विचार करताहेत. हा लेख त्यांच्यासाठी.

कराचं आधी संपवतो, कारण ते फार सोपं निघालं.

आयकर हा केंद्राचा कर. पुण्यात राहा, नामपुरात राहा की मुल्हेर किल्ल्याच्या पायथ्याशी झोपडी बांधून राहा, दर तोच. सिक्कीमच्या मूळ रहिवाशांना आणि ईशान्येकडच्या काही भागांतल्या अनुसूचित जमातींना कायद्यानं वेगळी सूट आहे, पण आपण तिथं जाऊन राहिल्यानं ती आपल्याला मिळत नाही. राज्याचा व्यवसाय कर वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये, घटनेनंच घातलेली ती मर्यादा, आणि पगार थांबला की तोही थांबतो. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. समजा ८० लाखांच्या ठेवीवर ७ टक्क्यांनी वर्षाला ५ लाख ६० हजार व्याज आलं. चार लाखांपर्यंत काही नाही, पुढच्या एक लाख साठ हजारांवर ५ टक्क्यांनी ८,००० रुपये, आणि ते ८,०००ही सवलतीत माफ. शेअर आणि इक्विटी म्युच्युअल फंडाच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला ही सवलत लागू नाही, वर्षाला सव्वा लाखावरच्या नफ्याला साडेबारा टक्के द्यावेच लागतात. एवढं सांभाळलं, तर आपल्यासारख्या मध्यम मिळकतीच्या माणसाला करासाठी गाव बदलायचं कारणच उरत नाही.

एक खाचखळगा मात्र आमच्या बँकेतल्या मुलीनं दाखवला आणि तो लवकर निवृत्त होणाऱ्यालाच लागतो. साठीच्या आतल्या माणसाचं व्याज चार लाखांच्या वर असेल, तर कर शून्य असूनही त्याला 'व्याजातून कर कापू नका' असा फॉर्म भरता येत नाही. बँक १० टक्के कापणारच. मग विवरणपत्र भरून ते परत मिळवायचे. साठीनंतर तसा फॉर्म भरता येतो आणि ही धावपळ थांबते. प्रॉव्हिडंट फंडाचं तसंच. नोकरी सोडल्यानंतर खात्यात पैसे तसेच ठेवले, तर त्यापुढचं व्याज करपात्र होतं. पुष्कळांना वाटतं, पीएफ म्हणजे कायमचं करमुक्त.

घरपट्टीचा फरक खरा आहे. ग्रामपंचायतीची घरपट्टी आणि महापालिकेचा मालमत्ता कर यांची तुलनाच नाही. पण तिथंही अंदाजानं बोलू नये. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. लालबाग-परळच्या छोट्या खोलीतून केवळ कर वाचवायला गावी येणाऱ्याचा काही फायदा नाही.

जागेमुळे कर खरोखर बदलतो तो जमिनीचा. शेतजमीन विकली, तर ती 'ग्रामीण' आहे की नाही यावर सगळं ठरतं. नगरपालिका किंवा महापालिकेच्या हद्दीबाहेर ठरावीक अंतरापलीकडे असलेली शेतजमीन आयकर कायद्यात भांडवली मालमत्ता धरलीच जात नाही. दहा हजार ते एक लाख वस्तीच्या शहराभोवती २ किलोमीटर, एक ते दहा लाखांभोवती ६, त्यावर ८, आणि हे अंतर सरळ रेषेत मोजायचं. सटाण्याला नगरपालिका आहे, मालेगावला २००१ पासून महापालिका. नामपूरच्या शिवारातली जमीन दोन्हींपासून लांब आहे, म्हणून ती विकली तर भांडवली नफ्यावर कर नाही. पण आमचं गाव बाजारपेठेचं आहे, वाढतं आहे. कधी काळी नगरपंचायत झाली, तर हेच गणित फिरेल. ज्याच्या वाट्याला वडिलोपार्जित तुकडा आहे, त्यानं भावकीत वाटणीचं बोलणं काढण्यापूर्वी हे समजून घ्यावं. आणि सातबाऱ्यावर नाव असेल, तर ते कमी करू देऊ नये. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. एकदा नाव गेलं, की पन्नाशीत शेती करायची हौस मनातच राहते.

अमेरिकेत ऑस्टिनला माझा भाचा असतो. तो आणि त्याचे मित्र पंचेचाळिशीत नोकरी सोडण्याच्या गोष्टी करतात. त्यांचा पहिला प्रश्न राज्याचा. टेक्सास आणि फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, कॅलिफोर्नियात भरमसाट आहे. मात्र टेक्सासात घरावरचा कर जबर, म्हणजे एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घेतलं जातं. पण फोनवर बोलताना तो करावर पाच मिनिटं बोलला आणि आरोग्य विम्यावर तासभर. सरकारी मेडिकेअर वयाच्या ६५ व्या वर्षी सुरू होतं. त्याआधी नोकरी सोडली, तर विमा स्वतः विकत घ्यायचा, आणि त्यावरचं सरकारी अनुदान उत्पन्नावर ठरतं. २०२१ पासून ते वाढवून मिळत होतं, तेही २०२५ अखेरपर्यंतच. म्हणून तिथले लोक निवृत्तीनंतरचं उत्पन्न कागदावर मुद्दाम कमी ठेवतात. "मामा, आमच्याकडे पैसे असून गरीब दिसावं लागतं," तो म्हणाला. कर निराळा, देश निराळा, पण अडतो माणूस त्याच जागी: नोकरी संपल्यापासून सरकारी छत्र डोक्यावर येईपर्यंतची मधली वर्षं.

या मधल्या वर्षांचा अर्थ मला आमच्या घरातच कळला. आई ७८ वर्षांची आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरीवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न विचारता, आयुष्मान भारतमधून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार लागू झाले. तिचं वय वंदना कार्ड आधारवर निघालं. पंचाहत्तरीच्या पुढे असल्यानं एसटी तिला फुकट. सटाण्याला, मालेगावला तपासणीला ती कुणाला न विचारता जाऊन येते. माझं तसं नाही. आज पुण्यात कंपनीचा गटविमा आहे, पण नोकरीच्या शेवटच्या दिवशी तो संपतो. ५२ ते ७० ही अठरा वर्षं मी आणि ही, दोघं उघड्यावर. घरात सर्वांत सुरक्षित माणूस म्हणजे आई.

या परिसरात सर्वांत लवकर निवृत्त होणारा माणूस कोण, असं विचारलं तर उत्तर आयटीवाला नाही, फौजी. २०२२ पूर्वी सतराव्या-अठराव्या वर्षी भरती झालेला जवान पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन घरी येतो. आमच्या गल्लीतले फौजी आबा असेच एकोणचाळिसाव्या वर्षी परतले, त्याला आता वीस वर्षं झाली. मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते डाळिंबाच्या बागेत होते. तेल्या रोगानं बाग दोनदा उद्ध्वस्त झाली, तिसऱ्यांदा लावलेली. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. एकदाच वर्गणी भरायची, मग आयुष्यभर नवरा-बायकोला उपचार. २०२० साली राज्यानं माजी सैनिकांना एका घराची घरपट्टीही माफ केली. म्हणजे कर आणि विमा दोन्ही आघाड्यांवर आबा जिंकलेले. मी तसं म्हणालो, तर ते हसले आणि अहिराणीत म्हणाले, "घरपट्टी माफ शे, दवाखाना फुकट शे. पन दवाखाना देवळालीमा शे."

त्यांचं कार्ड देवळालीच्या पॉलिक्लिनिकला जोडलेलं आहे. साधं मधुमेहाचं औषध संपलं तरी तिकडे जायचं, मोठ्या दवाखान्यात दाखल व्हायचं तर आधी तिथली चिठ्ठी घ्यायची. तातडीच्या वेळी थेट दाखल होता येतं, पण लगेच कळवावं लागतं. काकूंच्या गुडघ्यांच्या उपचारासाठी त्यांनी नाशिकला चार महिने खोली घेतली होती. त्या खोलीचं भाडं, जाण्यायेण्याचा खर्च, मागं पडलेली बाग, यातलं काही कुठल्याही योजनेत येत नाही. "पुन्हा परतायचं झालं तर नाशिकला राहाल का?" मी विचारलं. आबांनी बागेकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही. पण नाशिकच्या वाटेवर एक नातेवाईक जपून ठेवीन."

शाळेतला एक मित्र सातपूरच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन आला. त्याच्याकडून मला अशी एक गोष्ट कळली, जी प्रत्येक कामगाराच्या घरात भिंतीवर लावावी. कामगार राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, किमान पाच वर्षं विमाधारक राहिलेला माणूस निवृत्त झाला, स्वेच्छानिवृत्ती घेतली किंवा मुदतपूर्व निवृत्त झाला, तरी वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवू शकतो. महिन्याला दहा रुपये! पण ईएसआयची पगारमर्यादा २०१७ पासून २१,००० रुपयांवरच आहे. पगार त्यावर गेला, की माणूस योजनेबाहेर पडतो आणि शेवटच्या वर्षांत बढती मिळालेल्याचा हा हक्क नेमका तेव्हाच निसटू शकतो. माझ्या मित्राचा निसटला नाही, कारण त्याला बढतीच मिळाली नाही. त्याला त्याचं वाईट वाटायचं. आता त्याची बायको डायलिसिसवर आहे आणि सातपूरच्या ईएसआय रुग्णालयाचं कार्ड त्यांच्या देव्हाऱ्यात ठेवलेलं असतं.

त्याची पेन्शन म्हणाल, तर ईपीएस-९५ची. ती ५८ व्या वर्षी मिळते, दहा वर्षं नोकरी झाली असेल तर पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण जितकी वर्षं आधी, त्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कापून, आणि ती कपात कायमची. शिवाय पगार कितीही असो, बहुतेकांचा हिशेब १५,०००च्या मर्यादेवर. या पेन्शनवर लवकर निवृत्त होण्याची स्वप्नं कुणी पाहू नयेत. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्या शिक्षकाची, तलाठ्याची गोष्ट निराळी. वीस वर्षांच्या सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन तो पेन्शनसह बाहेर पडू शकतो.

आता माझ्यासारख्यांकडे येतो. खाजगी नोकरी, पगार ईएसआयच्या वर, पेन्शन नावापुरती. आम्हाला आरोग्य विमा विकत घ्यावा लागतो, आणि तो विकत घेताना राहण्याचं गाव खरोखर किमतीत उतरतं.

विम्याचा हप्ता मागायला गेलो, की वयानंतरचा प्रश्न पिनकोडचा असतो. बऱ्याच कंपन्यांनी देशाचे झोन पाडले आहेत. मुंबई, दिल्लीसारखी महानगरं पहिल्या झोनमध्ये, मधली शहरं दुसऱ्यात, आमच्यासारखी गावं शेवटच्यात. नामपूरचा पिनकोड सांगितला की हप्ता पुण्यापेक्षा कमी येतो. वहीत लिहायला हे फार गोड आकडे असतात. पण त्याच पॉलिसीत पुढे कुठंतरी लिहिलेलं असतं की खालच्या झोनच्या माणसानं वरच्या झोनच्या शहरात उपचार घेतले, तर बिलाचा ठरावीक टक्का त्यानं स्वतः भरायचा. आणि गावाकडचा माणूस मोठ्या आजाराला वरच्या झोनलाच जाणार, कारण डॉक्टरच तिथं आहेत. हप्त्यात वाचलेले पैसे असे किलोमीटरमध्ये जातात. काही कंपन्या जास्त हप्ता घेऊन ही अट काढून टाकतात. मी तो जास्तीचा हप्ता पत्करला. पुण्याचा पत्ता लावून ठेवायचा आणि राहायचं गावी, असं सुचवणारे भेटतात. तसं करू नये. दाव्याच्या वेळी पत्ता तपासला जातो आणि तेव्हा भांडायची ताकद कुणाच्यात नसते.

दुसरी गोष्ट रुग्णालयाच्या व्याख्येची. विम्याच्या लेखी रुग्णालय म्हणजे कायद्याखाली रुग्णालय म्हणून नोंदलेलं, आणि तशी नोंदणी नसेल तर दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या ठिकाणी किमान दहा खाटा, इतरत्र पंधरा, चोवीस तास डॉक्टर आणि परिचारिका, स्वतःचं शस्त्रक्रियागृह. खेड्यातल्या नोंदणी नसलेल्या तीन-चार खाटांच्या दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावून बरा झालेला माणूस विमा कंपनीच्या हिशेबी रुग्णालयात गेलेलाच नसतो. त्याचा जीव त्याच डॉक्टरनं वाचवला असला तरी. जानेवारी २०२४ पासून यादीबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस मिळावं, अशी सोय विमा कंपन्यांनी सुरू केली आहे. ठरवून केलेल्या उपचाराला ४८ तास आधी आणि तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांत कळवायचं. मात्र तिथंही रुग्णालय किमान पंधरा खाटांचं लागतं. मालेगाव, नाशिकमधली अशी रुग्णालयं कोणती, याची यादी आम्ही स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि माझा बेत तिनंच बदलला. मला रक्तदाब आहे. आधीपासूनच्या आजारासाठी विमा कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावू शकते. २०२४ पूर्वी ही मुदत चार वर्षांची होती. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेरोपण यांनाही बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांची वाट असते. नोकरी सोडल्यावर विमा घेणारा माणूस म्हणजे गटविमा संपलेला आणि नवा विमा अजून कामाला न आलेला. ही तीन वर्षं फार धोक्याची. म्हणून विमा नोकरी सोडण्याच्या तीन वर्षं आधी घ्यायचा. वाट पाहण्याची मुदत कंपनीच्या गटविम्याच्या सावलीत संपवायची. मी पॉलिसी डिसेंबर २०२४ मध्ये घेतली. मार्च २०२६ मध्ये बाहेर पडायचं होतं, ते दोन वर्षं पुढे ढकललं. रक्तदाब लपवला असता तर हप्ता थोडा कमी बसला असता, असं एकानं सुचवलं. हिनं त्याला चहा दिला आणि विषय बंद केला.

साठीवरच्या माणसाचा हप्ता विमा नियामकाच्या संमतीशिवाय वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, असा नियम जानेवारी २०२५ मध्ये आला. चांगला नियम आहे. पण पंचावन्नच्या माणसाला तो लागू नाही, म्हणजे लवकर निवृत्त झालेला त्यातूनही सुटला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, त्याचा लाभ मात्र सगळ्यांना. शंभराच्या हप्त्याला एकशे अठरा भरणाऱ्याला आता शंभर. नव्या करप्रणालीत हप्त्यावर वजावट मिळत नाही, पण ज्याचा करच शून्य आहे त्याला तिची गरजही नाही.

एवढं सगळं केल्यावर एका संध्याकाळी आरोग्यसेविका आईचा रक्तदाब बघायला आल्या. मी त्यांना माझी वही दाखवली. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमचं रेशनकार्ड कुठलं?" वर्षभराच्या अभ्यासात मी हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

राज्याची जनआरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. आपल्यासारख्यांची समजूत अजून अशी की ती पिवळ्या आणि केशरी कार्डाची. जुलै २०२४ पासून ती पांढऱ्या कार्डासकट सगळ्यांची आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, हजाराहून अधिक प्रकारचे उपचार, त्यात हृदयाची अँजिओप्लास्टीही. मात्र यादीतल्याच रुग्णालयात, यादीतल्याच आजारासाठी, आणि दाखल झाल्यावरच. रोजच्या गोळ्या तिच्यात नाहीत. पण १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत, म्हणजे रक्तदाबाच्या गोळ्या नामपूरच्या ग्रामीण रुग्णालयातून घेता येतात. नाशिकला शालिमारजवळचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय हृदय, मूत्रपिंड आणि कर्करोगासाठीच आहे. इतकी वर्षं सरकारी दवाखाना म्हणजे दुसऱ्याचा, ही जी नजर आम्हा शहरात गेलेल्यांना लागली, तिची मला त्या संध्याकाळी लाज वाटली. आम्ही कर भरला, आणि त्या करातून उभ्या राहिलेल्या दारात कधी गेलो नाही.

म्हणून परतणाऱ्यांबद्दल माझं एक म्हणणं आहे आणि ते आग्रहानं मांडतो. पेन्शन, भाडं, व्याज घेऊन गावी येणारा माणूस स्वतःची पॉलिसी खिशात ठेवून नाशिकच्या रस्त्याकडे डोळे लावून बसला, तर त्याच्या येण्याचा गावाला उपयोग नाही. त्यानं ग्रामसभेत उठून विचारावं की ग्रामीण रुग्णालयात फिजिशियनची जागा भरली आहे का, रात्री ईसीजी काढायला माणूस आहे का, १०८ची रुग्णवाहिका कुठून निघते आणि किती वेळात पोचते. २०१४ पासून ही रुग्णवाहिका राज्यभर फुकट धावते. शहरात राहून आपल्याला अर्ज लिहिता येतो, पाठपुरावा करता येतो, माहिती मागवता येते. ही सगळी कमाई परतताना सोबत आणावी. ज्या शेतकऱ्याकडे विमा नाही, त्यालाही रात्री दोनलाच दुखतं.

यंदाच्या पावसाळ्यानंतर आम्ही दोघं सटाण्याला गेलो. आधी देव मामलेदारांच्या मंदिरात. यशवंतराव महाराज इथं मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उघडून लोकांना वाटला, म्हणून एका महसुली अधिकाऱ्याचं देऊळ झालं, आणि मार्गशीर्षात त्यांची यात्रा भरते. लहानपणी यात्रेत आलो, की पाळणे आणि रेवड्या एवढंच दिसायचं. या खेपेला ही बराच वेळ हात जोडून उभी राहिली. मग तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागात गेलो. माझं नाव पुण्याच्या पांढऱ्या कार्डावर आहे. तिथून नाव कमी केल्याचा दाखला, आधार, नामपूरच्या घराचा पुरावा, असं काय काय लागेल ते विचारायचं होतं. टेबलामागच्या तरुण मुलानं एका चिठ्ठीवर सगळं नीट लिहून दिलं. मग आमच्याकडे पाहत म्हणाला,

"काका, कायमचे येताय का?"

मी हिच्याकडे पाहिलं. तिनं चिठ्ठीची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"येणार," ती म्हणाली. "२०२८ च्या मार्चनंतर."